सात महिने एकाच चेहऱ्यासमोर: व्हर्मीरची नक्कल करून तैलरंग शिकताना

जूनमध्ये सुरुवात केली, डिसेंबरअखेर ब्रश खाली ठेवला. चित्र डच चित्रकार योहान्स व्हर्मीरचं, १६६५ च्या सुमाराचं, कानात मोती असलेली ती मुलगी. मूळ चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे आणि जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं. मीही कॅनव्हास तेवढाच घेतला. १८८१ मध्ये लिलावात हे चित्र दोन गिल्डर (तेव्हाचं डच चलन) आणि वर थोड्या सेंटांना गेलं होतं. माझ्या नुसत्या ब्रशांचं बिल बघितल्यापासून बायको ते ऐकवते.

पहिला महिना फक्त बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि पांढरा. कंटाळवाणा, पण तो टाळू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर लवकर वाळला, पांढऱ्याने पुण्याच्या पावसात आठवडा खाल्ला. घाईत मी तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर चढवला. नोव्हेंबरात गालावर बारीक भेगा! खाली पातळ, वर तेलकट हा नियम मी असा शिकलो.

खरा क्लास घेतला नाकाने. त्या मुलीच्या नाकाची पलीकडची कड कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो, हे व्हर्मीरने दाखवलेलंच नाही. दोन्ही एकाच उजेडात मिसळलेत. माझा हात मात्र दर वेळी तिथे रेघ ओढायचाच, कारण नाकाला कड असते हे डोक्यात पक्कं. तीनदा पुसलं. चौथ्यांदा माझं चित्र आणि मूळ चित्राचा फोटो दोन्ही उलटे टांगून नुसते डाग रंगवले, तेव्हा नाक आपोआप उभं राहिलं. मोत्याचंही तेच. मी आधी छान गोल काढला होता. मुळात गोल नाहीच, अडकवायला आकडाही नाही: वर एक ठसठशीत पांढरा फटकारा, खाली कॉलरची अंधूक झाक. बस.

पार्श्वभूमीने मात्र पेचात टाकलं. आज ती काळी दिसते, पण २०१८ च्या तपासणीत तिथे हिरवा पडदा होता असं निघालं. मी काळ्यावर हिरव्याचा पातळ थर दिला. फोटोत कळत नाही, उन्हात कळतो.

त्रुटीही सांगतो. तेव्हाचा शिश्याचा पांढरा विषारी, म्हणून टायटॅनियम वापरला. त्याने कातडी खडूसारखी दिसते, किंचित यलो ओकर (मातकट पिवळा) घालावा लागतो. आणि तेलाची फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका, आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

जानेवारीत चित्र काढायला आईला खिडकीशी बसवलं. ती बोलणार, हलणार, ऊन सरकणार. नकलेत हे सगळं व्हर्मीरने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, मला काहीच ठरवावं लागलं नव्हतं. त्यात हात सवयीने तोच गुलाबी कालवत होता. आईच्या सावळ्या गालाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) लागतो, सावलीत हिरवट झाक. ती बघून म्हणाली, "मला ताप आलाय का रे?"

पुढची नक्कल राजा रविवर्म्याची. त्याची मूळ चित्रं बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात आहेत, तिकीट काढून समोर उभं राहता येतं. हेगचं ते जमणारं नव्हतं.