बाटलीत अॅक्रिलिक आणि दोष एअरब्रशला

नोव्हेंबरात रंगभूमी दिन, पाठोपाठ नाट्यस्पर्धा. सांगली-मिरजेत सिलिकॉनची नकली नाकं, कान, जखमा करणाऱ्यांची धांदल याच दिवसांत, आणि त्यांवर मारायचा म्हणून 'रेडिमेड सिलिकॉन कलर' खपतो तोही याच धांदलीत. आम्हाला सहा बाटल्या ४,२०० रुपयांना पडल्या. आत निघाला साधा पाण्यातला अॅक्रिलिक रंग.

ही लबाडी पटकन उमगत नाही, कारण लक्षणं हुबेहूब एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हातातलं यंत्र) बिघडल्यासारखी. रंग सिलिकॉनवर न बसता थेंबाथेंबाने गोळा होतो. म्हणून आपण हवेचा दाब २० वरून ४० पीएसआयवर नेतो, तर तो कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. नोझलच्या तोंडाशी वाळून फवारा अडखळायला लागतो. विकणारा फोनवर छातीठोकपणे सांगतो, "नोझल गेलंय, ०.५ मिलिमीटरचं घाला." नोझल-सुईचा सेटही त्याच्याकडेच, ६५० रुपये! तो घालूनही तेच झालं, की मग "प्रायमर न्या."

आधी रंग बाजूला ठेवा. धुतलेल्या कपात नुसतं पाणी घालून कागदावर मारा. फवारा सारखा आला तर यंत्राला हात लावू नका. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल किंवा चिरलेलं. फवारा एकाच बाजूला झुकत असेल तर सुई काढून टोक नखावरून हलकेच ओढा, वाकलेलं टोक खरवडतं.

आता बाटली. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं, बाकी सगळं सोलून निघतं. आपल्या कामाचा रंग म्हणजे प्लॅटिनम सिलिकॉनचा (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा) ए आणि बी भाग कंपनीने दिलेल्या मापात, त्यात पिगमेंट, आणि दुधाइतकं पातळ होईतो नॅफ्था हा थिनर. (खिडक्या उघड्या, जवळपास आच नको, तोंडावर वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क. हातमोजे लेटेक्सचे नकोत, त्याने प्लॅटिनम सिलिकॉन घट्ट होतच नाही.) काम संपल्याबरोबर नॅफ्थानेच एअरब्रश धुवायचा. नोझलमध्ये एकदा घट्ट झालेलं सिलिकॉन कुठल्याच थिनरमध्ये विरघळत नाही. तेव्हा ज्या बाटलीवर 'पाण्याने धुवा' लिहिलंय, ती तिथंच नापास.

दुकानात दाखवलेला कान मात्र ताणला तरी तडकत नव्हता. आम्ही भुललो ते त्यालाच. त्याची कड ब्लेडने कापून बघायला हवी होती: रंग आतपर्यंत एकसारखा असेल तर तो ओतण्याआधीच सिलिकॉनमध्ये कालवलेला आहे, बाटलीतल्या रंगाचा त्यात थेंबही नाही.

आपला तुकडा सोबत न्या, एकच बाटली घ्या. रंग लावून रात्रभर ठेवा, सकाळी ताणा, सेलोटेप चिकटवून ओढा. टेपवर रंग आला तर उरलेल्या बाटल्या घ्यायच्याच नाहीत. आणि बिलावर 'सिलिकॉनवर लावण्यासाठी' एवढं लिहून घ्याच, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करताना तेच लागतं. आमच्या बिलावर नुसतं 'कलर, ६ नग'.