इंग्रज घराण्याचे पूर्वज आणि वंशज शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी सून इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची. आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम सुरू आहे. नातवाच्या नावापुढे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव तेवढं लिहायचं आणि पुढे सरकायचं, हे मला पटेना. म्हणून उन्हाळ्यात, पुण्यात बसल्या बसल्या, इंग्रज घराणी शोधायची जी साधनं मिळतात ती एकेक करून वापरायला घेतली. आता थंडी पडली आहे आणि माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय: पैसे मोजायचे तर मूळ नोंदीच्या पानाचं छायाचित्र दाखवणाऱ्याला मोजा. दुसऱ्या कुणी रचून ठेवलेल्या वंशवृक्षासाठी एक पैही देऊ नका.

सुनेच्या माहेरच्यांना हात लावण्याआधी एका ओळखीच्या घराण्यावर सराव केला. सुनेचे पूर्वज स्टोकमधल्याच बर्स्लेमचे, चिनी मातीच्या कारखान्यांत राबणारे. त्याच बर्स्लेमचे वेजवुड, चिनी मातीच्या भांड्यांचे नामांकित कारखानदार, आणि वेजवुडांच्या लेकीच्या पोटी जन्मलेला चार्ल्स डार्विन. या घराण्याची माहिती छापील पुस्तकांत भरपूर आहे, त्यामुळे संकेतस्थळ काय दाखवतं आणि खरं काय होतं, हे पडताळता येतं. नवशिक्याने असंच करावं असं मी म्हणेन.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. सरकारी नोंदणी कार्यालयाची, म्हणजे जीआरओची, स्वतःची सूचीही खातं उघडलं की फुकट आहे. दोन्ही लागतातच. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. जीआरओच्या नव्या सूचीत मात्र ते थेट 1837 पर्यंत मागे जातं. ‘डार्विन’ आणि आईचं आडनाव ‘वेजवुड’ अशी जोडी टाकली की भावंडांचा माग काढता येतो, आणि आडनाव सर्वसामान्य असेल तर या जोडीशिवाय गत्यंतरच नाही. सूची तिमाहीवार आहे आणि जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत असे, हे ध्यानात ठेवायचं. डार्विनचा थोरला मुलगा विल्यम 27 डिसेंबर 1839 चा. अशा मुलाची नोंद 1840 च्या मार्च तिमाहीत शोधावी. शिवाय 1875 पर्यंत नोंद केली नाही म्हणून आईबापांना दंड नव्हता, त्यामुळे काही मुलं सूचीत नसतातच.

मी सगळ्यात जास्त रमले ते जनगणनेत. 1841 पासून दर दहा वर्षांनी घराघरातली नावं लिहिलेली मिळतात. 1841 ची जरा कोरडी: पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलेलं, नातं लिहिलेलं नाही. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचा पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव), दोन्ही येतं. पण जनगणना एका रात्रीची असते. त्या रात्री जो जिथे झोपला तिथे त्याचं नाव. 1851 ची रात्र 30 मार्चची. डार्विनची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी तेव्हा आजारी होती आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिला उपचारांसाठी मॅल्व्हर्नला नेलं होतं. 23 एप्रिलला ती तिथेच गेली. धाकटा होरेस जन्मला 13 मे रोजी. म्हणजे त्या वर्षीच्या डाउन हाउसच्या, म्हणजे डार्विनच्या घराच्या, पानावरून घरात कोण कोण होतं हे ठरवायला जाल तर ॲनी सुटेल, आणि होरेस तर अजून यायचाच आहे.

याहून मोठी मेख पुढे आहे. चार्ल्स आणि त्याची बायको, वेजवुडांचीच एमा, यांना दहा मुलं झाली. त्यांतली मेरी एलेनॉर 1842 मध्ये जन्मली आणि तीन आठवड्यांत गेली. चार्ल्स वॉरिंग डिसेंबर 1856 चा, तो जून 1858 मध्ये गेला. ही दोन्ही मुलं दोन जनगणनांच्या मधल्या काळात आली आणि गेली, म्हणून ती कोणत्याही जनगणनेत सापडणं शक्य नाही. ती सापडतात जन्म-मृत्यूच्या सूचीत आणि डाउनच्या चर्चच्या दफननोंदीत. माणूस इतका प्रसिद्ध म्हणून आपल्याला दहाचा आकडा माहीत आहे. बर्स्लेमच्या एखाद्या मजुराच्या घरी तीच गोष्ट घडली तर? तिथे 1911 ची जनगणना उपयोगी पडते. विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली, हे त्या वर्षी विचारलं होतं. सुनेच्या पणजीच्या आईच्या रकान्यातले ते तीन आकडे पाहिल्यावर मी त्या संध्याकाळी पुढे काही शोधलं नाही.

1911 चं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्या वर्षीपासून कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागद जपलेला आहे, तेव्हा पणजोबांचं हस्ताक्षरच समोर येतं. आणि व्यवसाय काय, तर ‘सॅगर मेकर्स बॉटम नॉकर’! मला वाटलं, कुणीतरी थट्टा केलीय. सॅगर म्हणजे भट्टीत भाजताना कपबशांना आच आणि काजळी थेट लागू नये म्हणून वापरायची जाड मातीची पेटी. ती बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली तिचा तळ लाकडी ठोकळ्याने थापटून काढणारा मदतनीस तो हा. तिकडच्या कारखान्यांत हा रीतसर हुद्दा होता. 1921 च्या जनगणनेत मालकाचं नाव आणि कामाची जागाही लिहिलेली असते, त्यामुळे कोण कोणत्या कारखान्यात होतं तेही कळलं. कुलवृत्तांतात ‘हे नोकरीनिमित्त मुंबईस होते’ एवढ्यावर भागवणाऱ्या आम्हा लोकांना ही चैनच वाटते.

1921 नंतर मात्र पोकळी आहे. 1931 चे कागद 1942 च्या डिसेंबरात आगीत जळाले, 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. मधली उणीव 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर भरून काढतं. युद्धातल्या ओळखपत्रांसाठी केलेली ही यादी पुढे आरोग्यसेवेने कित्येक दशकं वापरली, म्हणून त्यात मुलींचं माहेरचं नाव खोडून वर सासरचं नाव लिहिलेलं दिसतं. वंशज शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद नाही. मुलगी लग्न होऊन गेली की माग तुटतो, तिकडेही आणि आमच्या जुन्या आवृत्तीतही. तिथे तो एका कारकुनाच्या खाडाखोडीमुळे पुन्हा सापडतो.

1837 च्या मागे जायचं तर चर्चची पॅरिश रजिस्टरं. 1538 मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने ती सुरू झाली, सगळीकडे टिकली नाहीत आणि 1642-1651 च्या यादवीत अनेक ठिकाणी खंड आहे. स्टोक ज्या परगण्यात आहे त्या स्टॅफर्डशरची बरीचशी फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर छायाचित्रांसह आहेत, यासाठी मी वर्गणी भरली आणि ती वसूल झाली. रजिस्टरात मिळतो तो बहुतेकदा बाप्तिस्मा, जन्म नव्हे. डार्विनचा आजोबा जोसाया वेजवुड, त्याचा 12 जुलै 1730 हा बाप्तिस्म्याचा दिवस आहे. डार्विन फेब्रुवारी 1809 चा, बाप्तिस्मा नोव्हेंबरातला. 1754 पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची सही असते. माझ्या शोधातल्या बायकांच्या बहुतेक सहीऐवजी फुल्याच आहेत. आणि 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी 1730 म्हणून लिहिलेलं मूल आपल्या हिशेबाने 1731 चं. हे न पाहता लोकांनी लावलेल्या वंशवृक्षांत आईबापांच्या लग्नाआधी मुलं झालेली मी पाहिली आहेत. पाऊणएकशे वर्षांची बाळंतीणही पाहिली.

यावरून ‘सूचना’ या प्रकाराबद्दल. एका सशुल्क संकेतस्थळाने मला रोज पूर्वज सुचवायचा सपाटा लावला. त्यातले बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रीवरून उचललेले, त्या ट्रीचा आधार तिसरी ट्री, आणि मूळ कागद कुठेच नाही. वेजवुडांच्या घरी हे चटकन उघडं पडतं, कारण आजोबा, बाप, मुलगा तिघांचंही नाव जोसाया. यंत्राने बापाचं लग्न मुलाच्या गळ्यात घातलं. शिवाय एमा ही चार्ल्सची सख्खी मामेबहीण. आपल्याकडे मामाची मुलगी केली तर कुणी भुवई उंचावत नाही, पण या आज्ञावलीला ते पचेना. ती जोसाया आणि सेरा या एकाच आजी-आजोबांना दोनदा दाखवत राहिली. डार्विनच्या मुलांना आठाऐवजी सहाच पणजोबा-पणज्या आहेत. एमाचा भाऊ तिसरा जोसाया, त्याने चार्ल्सच्या बहिणीशी, कॅरोलाइनशी, लग्न केलं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. त्यांचा नातू म्हणजे संगीतकार रॅल्फ वॉन विल्यम्स. मुलांच्या तब्येतींवरून डार्विनला या नात्याची धास्ती होती. 1871 च्या जनगणनेत आईबाप चुलत-मामे भावंडं आहेत का हा प्रश्न घालावा म्हणून त्याने आणि त्याचा शेजारी खासदार जॉन लबक याने खटपट केली, पण संसदेने तो फेटाळला. तो रकाना असता तर आज वंशावळवाल्यांचं केवढं काम हलकं झालं असतं!

फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे आणि 1881 ची सगळी जनगणना तिथे पाहता येते. मात्र त्यांचा वंशवृक्ष साऱ्या जगाचा मिळून एकच आहे, कुणीही त्यात बदल करू शकतं. म्हणून मी तिथून नोंदी घेते, नाती घेत नाही. सशुल्क ठिकाणी वार्षिक वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, तेव्हा भरल्या दिवशीच ते बंद करून टाका. इंग्लंडमध्ये कुणी नातलग असेल तर अनेक सार्वजनिक वाचनालयांत हीच संकेतस्थळं फुकट वापरता येतात आणि लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्यातही. मुलाला दोन शनिवार वाचनालयात बसवून माझं बरंच काम झालं.

वंशजांकडे खाली उतरताना हात आखडता घ्यावा लागतो. डार्विनची नातवंडं जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस या तिघांचीच, ती लेखक, कलावंत, शास्त्रज्ञ म्हणून छापून आलेली आहेत, तिथे प्रश्न नाही. पण सुनेच्या हयात मावस-चुलत भावंडांची नावं संकेतस्थळावर टाकायची नाहीत हे विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. बरोबरच आहे. माझ्या ट्रीत हयात माणसं नाहीत. ती आमच्या वहीत आहेत. डीएनए चाचणीच्या वाटेला गेले नाही, तो निर्णय त्यांच्या घरचा.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. खडकी, शिवडी, महाबळेश्वरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एखादं इंग्रजी नाव वाचून कुतूहल वाटलं, तर मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती इंडिया ऑफिसच्या दप्तरात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईच्या मालिकेचा क्रमांक एन/3. त्यातल्या कितीतरी फाइंडमायपास्टवर आल्या आहेत. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करावी.

माझी वर्गणी जानेवारीत संपतेय. पुढे चालू ठेवणार नाही. पॅरिश रजिस्टरांतलं हवं ते उतरवून घेतलंय. बर्स्लेमच्या त्या पणजोबांचे वडील 1861 आणि 1871 च्या मधे कुठेतरी दिसेनासे होतात, त्यांच्या मृत्यूची नोंद जीआरओकडून मागवली आहे. ती आली की आवृत्तीतलं पान छपाईला जाईल.