टायटॅनियम सांगून लोखंडी पत्रा गळ्यात मारला, ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांनी नक्की वाचा

मंडळी, हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण आपल्या रत्नागिरी चिपळूण साइडची ओळखीतली पोरं आता कोइम्बतूरला करी स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाड्या घेऊन जायला लागलीत आणि अशा पोरांना हेरून हीट शिल्डच्या (ब्रेकची धग अडवणारा पत्रा) नावाखाली खोटा माल खपवणारे पण निघालेत. माझे पैसे गेले त्याचं एक वेळ जाऊदे, पण आंबा घाटात जीवावर बेतलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या डिस्कला जवळजवळ खेटून, खालचा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोळ्याचा सांधा) आणि स्टिअरिंगचा टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) असतो. दोन्हीवर रबराचा बूट, म्हणजे टोपण, आणि आत ग्रीस. रोजच्या रस्त्यावर डिस्क तेवढी तापत नाही, पण ट्रॅकवर सरळ पट्ट्यावरून फुल स्पीडला येऊन परत परत जोरात ब्रेक मारले की डिस्क 500-600 डिग्रीला जाते, कधी त्याच्या पण वर. साधा निओप्रीन रबर 120 च्या पुढे टिकत नाही, कडक होऊन चिरतो, आणि साधं लिथियम ग्रीस 180-190 ला पातळ होऊन वाहायला लागतं. बूट फाटला की आतला गोळा कोरडा घासतो, त्यात आपल्याकडची खारी हवा आणि पावसाचं पाणी आत शिरलं की गंज, मग प्ले, म्हणजे सांधा ढिला. टाय रॉड सुटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही, एवढं सिरियस प्रकरण आहे हे.

म्हणूनच मी हीट शिल्ड शोधत होतो. मुंबई साइडचं एक दुकान, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, त्यांनी व्हॉट्सअपवर फोटो पाठवले, निळसर जांभळी झाक असलेले पत्रे, "दादा ग्रेड 5 टायटॅनियम आहे, विमानात वापरतात तेच, टाय रॉड आणि बॉल जॉइंट दोन्हीचे, सोबत सिलिकॉनचे बूट आणि हाय टेम्परेचर ग्रीस, फिटिंग आम्हीच करून देणार". सेटचे 19,500 घेतले. बिलावर टायटॅनियम हीट शिल्ड सेट असं लिहून घेतलं मी, ते आता कामाला येतंय.

फिटिंगच्या वेळी त्यांच्या पोराने डिस्कच्या मागची कंपनीची बॅकिंग प्लेट काढून टाकली. विचारलं तर म्हणाला "ह्याने ब्रेकला हवा लागत नाही, ट्रॅकवाले सगळे काढतात". आता ह्यात अर्धं खरं आहे आणि तिथेच माणूस गंडतो. रेसवाले काढतात, पण त्या जागी बंपरमधून पाइप आणून डिस्कच्या मधोमध हवा सोडतात. पाइप न लावता नुसती प्लेट काढली की डिस्कची धग थेट बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या तोंडावर. म्हणजे जे कंपनीने फुकट दिलेलं संरक्षण होतं ते काढून घेतलं आणि वर पैसे घेतले. प्लेटा परत पण दिल्या नाहीत, भंगारात गेल्या म्हणे.

करीला गाडी मस्त पळाली, शेवटच्या सेशनला स्टिअरिंग मध्यावर जरा सैल वाटलं पण टायर गरम झाल्यावर तसं वाटू शकतं. कोल्हापूर सोडून आंबा घाट उतरायला लागलो आणि वळणावर खाली खडखड, स्टिअरिंग फिरवलं की गाडी अर्धा क्षण उशिरा वळायची, एका बाजूला दरी आणि समोरून ट्रक. सेकंड गिअरमध्ये रांगत साखरप्याला आलो, बाजूला घेऊन बघितलं तर चाकाच्या आतून रिमवर काळं ग्रीस उडालेलं. तिथून तसाच हळूहळू हातखंब्याला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे.

काकांनी जॅक लावला, चाक दोन्ही बाजूंनी घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवलं, टकटक आवाज आला. पत्रा काढला, आतला बूट आमसुलासारखा आकसून काळा पडलेला, बोटाने दाबला तर चिरच पडली. हा म्हणे सिलिकॉन. सिलिकॉन 200 पर्यंत तरी आरामात तग धरतो. मग काकांनी कपाटाच्या दाराचं मॅग्नेट आणलं आणि पत्र्याला लावलं, खटकन चिकटलं. "बाबू, टायटॅनियमला मॅग्नेट धरत नाय, ह्यो लोखंडाचो पत्रो." बोल्टच्या भोकांच्या कडेला तर लालसर गंज धरलेला, टायटॅनियम समुद्राच्या पाण्यात ठेवलं तरी गंजत नाही आणि हा रत्नागिरीच्या हवेत एका पावसात गंजला. पॉलिश पेपर मारला तर निळा रंग सरळ निघून आला.

त्याहून मोठी गोष्ट काकांनी दाखवली. पत्रा बूटला चिकटवून बसवलेला, मध्ये जागाच नाही. अरे शिल्डचं कामच पत्रा आणि बूट यांच्या मधली हवा करते, डिस्कची झळ पत्रा अडवतो आणि मधली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. टायटॅनियम चांगलं कारण ते साध्या लोखंडाच्या मानाने उष्णता खूपच कमी वाहून नेतं, पण चिकटवून बसवलं तर त्याचाही निम्मा फायदा गेला. ज्याला हे माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानाला फोन केला तर आधी म्हणे ट्रॅकवर वापरलं म्हणून वॉरंटी नाही, अरे ट्रॅकसाठीच तर विकलंत. मॅग्नेटचा व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं "हा मॅग्नेटिक ग्रेडचा टायटॅनियम आहे". असला कुठला ग्रेड नसतो. मग ब्लॉक.

घेताना काय बघायचं ते सांगतो. मॅग्नेट लावाच, पण त्यावर थांबू नका कारण 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला पण मॅग्नेट धड चिकटत नाही. वजन बघा, टायटॅनियम लोखंड-स्टीलच्या साधारण 60 टक्क्यांच्या आसपास भरतं, त्याच मापाचा स्टीलचा तुकडा दुसऱ्या हातात धरलात की लगेच कळतं. खात्री हवी असेल तर कोपरा ग्राइंडरला हलकेच लावा, टायटॅनियमच्या ठिणग्या एकदम पांढऱ्याशुभ्र उडतात, लोखंडाच्या पिवळ्या केशरी. रंगावर जाऊ नका, निळी झाक कशालाही देता येते. आणि फिटिंग करताना समोर उभे राहा, काढलेला प्रत्येक पार्ट डिकीत टाकून घ्या.

आता गाडीला कंपनीच्या नवीन बॅकिंग प्लेटा, नवे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट टाकलेत, आणि काकांनी पातळ स्टेनलेसचा पत्रा कापून वॉशर टाकून बूटपासून चार-पाच मिलिमीटर लांब बसवून दिलाय, खर्च त्या सेटच्या पासंगाला पण पुरणार नाही एवढा. नकलवर (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) टेम्परेचरचा स्टिकर लावलाय, एकदा तापून काळा झाला की तसाच राहतो, त्यामुळे सेशननंतर नेमकं किती तापलं ते दिसतं. शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढायचा आणि पिटमध्ये आल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवायची नाही, हे पण पाळतोय, कारण गाडी थांबली की हवा बंद होते आणि डिस्कची सगळी धग तिथेच कोंडते.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथे दुकानाने उत्तरच दिलं नाही म्हणून आता रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेटे मारावे लागत नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. त्यांच्याकडून घेतलेले पत्रे, बूट, बिल आणि चॅट सगळं जपून ठेवलंय. तुमच्यापैकी कोणाच्या गाडीला असले निळे पत्रे बसवलेले असतील तर पुढच्या ट्रॅकच्या आधी चाक काढून मॅग्नेट लावा, बूट दाबून बघा आणि माल खोटा निघाला तर "चेक करायला पाठवा" म्हणाले तरी पत्रे परत पाठवू नका, पुरावा तोच आहे.