बोटो३ने डीएनएस रेकॉर्ड्स सांभाळताना: आठ महिन्यांचा अनुभव

डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणारी यंत्रणा, आणि झोन म्हणजे एका डोमेनच्या डीएनएस रेकॉर्ड्सचा संच. आठ महिन्यांपूर्वी आमच्या एका झोनमधलं एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणारं रेकॉर्ड, कुणीतरी कन्सोलवर (सेवेच्या वेबपानावर) जाऊन बदललं. मेल यायचे बंद झालेत हे दोन तासांनी लक्षात आलं, पण जुनी व्हॅल्यू काय होती ते कुणालाच सांगता येईना. कुठे लिहूनच ठेवलेली नव्हती. शेवटी एका सहकाऱ्याच्या टर्मिनलमध्ये आदल्या आठवड्यातलं डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडचं आउटपुट सापडलं आणि त्यावरून रेकॉर्ड परत भरलं. त्याच दिवशी ठरवलं की यापुढे कन्सोलवरून काही बदलायचं नाही. तेव्हापासून चाळीसेक झोन आणि त्यातली दोन-अडीच हजार रेकॉर्ड्स मी पायथनमधून, बोटो३ ही अ‍ॅमेझॉनच्या सेवांसाठीची लायब्ररी वापरून, रूट ५३ या अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस सेवेवर सांभाळते आहे.

या काळात माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते. या लायब्ररीतून रेकॉर्ड लिहिणं सोपं आहे. आधी काय आहे ते नीट वाचणं अवघड आहे, आणि माझ्याकडून जे काही बिघडलं किंवा बिघडता बिघडता राहिलं, ते जवळजवळ सगळं वाचण्यात कमी पडल्यामुळेच.

लिहिण्यासाठी खरं तर एकच कॉल पुरतो, चेंज रिसोर्स रेकॉर्ड सेट्स. त्याला झोनचा आयडी द्यायचा आणि बदलांची यादी द्यायची. प्रत्येक बदलापुढे क्रिएट, डिलीट किंवा अपसर्ट यातला एक शब्द. लागले तर यादीतले सगळे बदल लागतात, नाहीतर एकही लागत नाही, हा या कॉलचा गुण मला फार मोलाचा वाटतो. मध्यंतरी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर २७ नावं हलवायची होती. त्यातल्या एका आयपीमध्ये माझी टायपिंगची चूक राहिली, शेवटचा आकडा २५६ पडला. अख्खी यादी परत आली, नेमकं कुठलं रेकॉर्ड चुकलंय ते एररमध्ये आलं आणि झोन होता तसाच राहिला. हेच कन्सोलवर एकेक करत गेले असते तर निम्मी नावं नव्या सर्व्हरवर आणि निम्मी जुन्यावर, अशी स्थिती झाली असती. एका यादीत जास्तीत जास्त १,००० व्हॅल्यू चालतात आणि अपसर्ट दोनदा मोजला जातो, त्यामुळे मोठं काम असेल तर मी पाचशेच्या आतच तुकडे पाडते.

आता अपसर्टबद्दल. रेकॉर्ड नसेल तर तयार कर, असेल तर बदल, असा त्याचा अर्थ. नवशिक्याला हाच सगळ्यात सोयीचा वाटतो, मलाही वाटला. तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या एका सेवेने डोमेन आमचंच आहे हे पडताळायला एक टीएक्सटी (साध्या मजकुराचं) रेकॉर्ड घालायला सांगितलं. मी छोटी स्क्रिप्ट लिहिली, अपसर्ट केलं, पडताळणी झाली. दुसऱ्या दिवशी तक्रारी यायला लागल्या की आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडतायत. मुख्य डोमेनच्या नावाचं टीएक्सटी हा एकच रेकॉर्ड सेट, म्हणजे एकाच नावाच्या आणि प्रकाराच्या सगळ्या ओळींचा गट, असतो. एसपीएफची (आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी) ओळ आणि वेगवेगळ्या सेवांच्या पडताळणीच्या ओळी त्या एकाच सेटमध्ये नांदत असतात. मी सेट म्हणून नवी एकच ओळ पाठवली, तेव्हा तेवढीच राहिली आणि एसपीएफसकट बाकीच्या पुसल्या गेल्या. अपसर्ट ओळी मिळवत नाही, सेट बदलतो. दस्तऐवजात हे आहे, मी ते घाईत ओलांडून गेले होते.

तेव्हापासून टीएक्सटी आणि एमएक्ससाठी माझ्या कोडमध्ये थेट अपसर्ट कुठेच नाही. आधी आहे तो सेट वाचायचा, नवी ओळ त्यात मिसळायची, दुबार असेल ती काढायची आणि मग पूर्ण सेट पाठवायचा. टीएक्सटीची व्हॅल्यू दुहेरी अवतरण चिन्हांसकट द्यावी लागते आणि एका अवतरणात २५५ अक्षरांच्या वर जाता येत नाही, हेही इथेच सांभाळलंय. २०४८ बिटांची डीकेआयएम की (मेलवरची सही तपासायची किल्ली) त्यात मावत नाही. ती दोन तुकड्यांत, प्रत्येकाला स्वतंत्र अवतरणं देऊन, पण एकाच व्हॅल्यूत लिहायची. दोन तुकडे म्हणजे दोन व्हॅल्यू असं समजून केलं तर रेकॉर्ड स्वीकारलं जातं, सही मात्र जुळत नाही.

वाचण्याचा कॉल आहे लिस्ट रिसोर्स रेकॉर्ड सेट्स. यातला एक खड्डा मी जरा सविस्तर सांगते, कारण तो कोड वाचून दिसत नाही. या कॉलला सुरुवातीचं नाव, प्रकार आणि किती हवेत तो आकडा देता येतो. नाव दिलं आणि आकडा १ दिला की तेवढं एक रेकॉर्ड मिळेल, असं कुणालाही वाटेल. पण ते नाव म्हणजे शोध नाही. यादी कुठून सुरू करायची याची ती खूण आहे. त्या नावाचं रेकॉर्ड नसेल तर क्रमाने त्याच्या पुढचं जे असेल ते तुमच्या हातात येतं, एरर येत नाही. हा क्रमही नावाचे भाग उलटे करून लावलेला असतो, आधी कॉम, मग डोमेन, मग उपनाव.

मी जुनी चाचणीची नावं पुसायची स्क्रिप्ट लिहिली होती. नाव द्यायचं, रेकॉर्ड आणायचं, जे आलं तेच डिलीटला द्यायचं. डिलीट करताना नाव, प्रकार, टीटीएल (उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा) आणि व्हॅल्यू हे सगळं तंतोतंत जुळावं लागतं, त्यामुळे चुकीचं काही पुसलं जाणार नाही अशी माझी खात्री होती. पण मी जे वाचलं तेच परत देत होते, म्हणजे ते जुळणारच. टेस्ट-४ हे नाव कुणीतरी आधीच काढून टाकलेलं होतं. खरं पुसण्याआधी काय पुसणार ते नुसतं छापून बघायची सवय असल्यामुळे वाचले. टेस्ट-३नंतरच्या ओळीत स्क्रीनवर आलं, ‘पुसणार: टाइमशीट’. टाइमशीट रोज सगळं ऑफिस वापरतं. ती ओळ बघून मी हात कीबोर्डवरून काढून घेतले. आता आलेलं नाव आणि मागितलेलं नाव, तसाच प्रकार, जुळल्याशिवाय फंक्शन काहीच परत करत नाही.

जुळवायचं तर नावं एका साच्यात आणावी लागतात. उत्तरात प्रत्येक नावाच्या शेवटी टिंब असतं, आपण लिहिताना ते गाळतो. वाइल्डकार्डची (कुठल्याही उपनावाला लागू होणाऱ्या रेकॉर्डची) चांदणी उत्तरात उलटी तिरकी रेघ आणि ०५२ अशी येते, त्यामुळे माझा तुलना करणारा कोड सुरुवातीला दर रात्री सगळी वाइल्डकार्ड रेकॉर्ड्स नवीन म्हणून दाखवायचा. झोनच्या आयडीपुढेही एक उपसर्ग चिकटून येतो. तेरा ओळींचं एक फंक्शन लिहिलं आणि हे सगळे प्रश्न मिटले. वर सांगितलेला आकडा १ हाही संख्या म्हणून चालत नाही, स्ट्रिंग म्हणून द्यावा लागतो. एका वेळी ३०० रेकॉर्ड्स मिळतात, म्हणून पॅजिनेटर (पुढची पानं आपोआप आणणारी सोय) वापराच. पहिलं पान म्हणजेच पूर्ण झोन असं धरून बॅकअप घेणारा कोड मी दुसऱ्या टीममध्ये पाहिला आहे.

बदल पाठवला की उत्तरात पेंडिंग अशी स्थिती येते आणि सहसा मिनिटभरात ती इनसिंक होते. यासाठी तयार वेटर, म्हणजे स्थिती बदलेपर्यंत वाट बघणारी सोय, आहे. तो दर ३० सेकंदांनी विचारतो. मी ते १० वर आणलंय. इनसिंक म्हणजे रूट ५३च्या सगळ्या अधिकृत सर्व्हरांवर बदल पोचला. जगभरच्या रिझॉल्व्हरांकडे (वापरणाऱ्यांसाठी नावाचं उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरांकडे) जुनं उत्तर कॅशेमध्ये असेल तर ते टीटीएल संपेपर्यंत तसंच राहणार.

यात ‘नाही’ हे उत्तरही कॅशे होतं, याचा मला विसर पडला होता. माझी एक स्क्रिप्ट नवं नाव तयार करून लगेच, इनसिंकची वाट न बघता, ते नाव दर दोन सेकंदांनी विचारून बघायची. पहिल्याच वेळी असं नावच नाही हे उत्तर आलं आणि आमच्या रिझॉल्व्हरने ते जपून ठेवलं. किती वेळ, ते झोनची मूळ माहिती ठेवणाऱ्या एसओए रेकॉर्डवरून ठरतं. त्याचा टीटीएल आणि त्यातला शेवटचा आकडा, यातला जो लहान तो. १९९८च्या आरएफसी २३०८ या इंटरनेट मानकात हा नियम आहे. रूट ५३चा नवा झोन येतो तेव्हा एसओएचा टीटीएल ९०० असतो, म्हणजे पंधरा मिनिटं. रेकॉर्ड पन्नास सेकंदांत तयार झालेलं असायचं आणि आम्ही पंधरा मिनिटं ताटकळत बसायचो, तेही आपणच घाईने विचारल्यामुळे. आता इनसिंक होईपर्यंत त्या नावाला कुणी हात लावत नाही. खात्री हवीच असेल तर टेस्ट डीएनएस आन्सर हा कॉल आहे. रूट ५३ काय उत्तर देईल ते तो सांगतो आणि वाटेतल्या कुठल्याही कॅशेला धक्का लागत नाही.

वेगाची मर्यादा आहे सेकंदाला पाच विनंत्या, आणि ती पूर्ण खात्याला मिळून. रात्रीची तपासणी आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण एकाच वेळी चालू झालं की थ्रॉटलिंगचे (मर्यादा ओलांडल्याचे) एरर यायचे. रिट्राय मोड स्टँडर्डवर नेऊन प्रयत्न दहापर्यंत वाढवले आणि दोन्ही कामांच्या वेळा वेगळ्या केल्या. पुन्हा त्रास झाला नाही.

परवानग्यांबाबत मात्र मनापासून समाधान आहे. पूर्वी झोनची परवानगी दिली की झोनमधलं सगळंच हाती जायचं. २०२२पासून नाव, प्रकार आणि कृती यांवर अट घालता येते. सर्टिफिकेटवाल्या स्क्रिप्टला मी फक्त अ‍ॅक्मी-चॅलेंज या पडताळणीच्या नावाने सुरू होणारी टीएक्सटी रेकॉर्ड्स लिहू देते. तिची की उद्या चोरीला गेली तरी वेबसाइटचा पत्ता कुणाला बदलता येणार नाही. हे वापरत असाल आणि ही अट घातली नसेल तर आजच घाला.

लायब्ररी म्हणून बोटो३ इथे अगदी खालच्या पातळीवर बोलते. एस३सारख्या (फाइल साठवायच्या) सेवांसाठी जसे आटोपशीर रिसोर्स ऑब्जेक्ट आहेत तसे रूट ५३ला नाहीत. फक्त क्लायंट आहे, आणि डिक्शनरीत डिक्शनरी अशी चार-पाच पदरी रचना भरावी लागते. ती रचना एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा, कोडभर पसरू देऊ नका. टेस्टसाठी मोटो, अ‍ॅमेझॉनच्या सेवांची नक्कल करणारी लायब्ररी, उपयोगी पडते. ज्यांची रेकॉर्ड्स क्वचित बदलतात त्यांनी स्वतःचा कोड लिहिण्यापेक्षा ऑक्टोडीएनएस, डीएनएसकंट्रोल किंवा टेराफॉर्म असं तयार साधन वापरावं असं मी सांगेन. आमची नावं आमच्याच डेटाबेसमधून रोज तयार होतात आणि रोज पुसली जातात, म्हणून मला थेट लायब्ररी बरी पडते.

ऑक्टोबर २०२५मध्ये अ‍ॅमेझॉनच्या यूएस-ईस्ट-१ विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचं डीएनएस रेकॉर्ड रिकामं झालं आणि कितीतरी सेवा बंद पडल्या. रेकॉर्ड्स आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचेच दोन भाग एकमेकांच्या पायात आले होते. तो अहवाल वाचल्यावर मी माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. डेटाबेसकडून रिकामी यादी आली तर काही न करता थांबायचं, आणि एका फेरीत झोनच्या दहा टक्क्यांहून जास्त रेकॉर्ड्स पुसली जाणार असतील तर माणसाला विचारायचं. दुसरी अट आतापर्यंत दोनदा लागली. दोन्ही वेळा डेटाबेसची क्वेरी चुकलेली होती.

प्रत्येक बदलाआधीचा झोन जेसन फाइलमध्ये जातो आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात. एमएक्सची जुनी व्हॅल्यू आता अर्ध्या मिनिटात सापडते. मुख्य डोमेनच्या एनएस (झोनचे अधिकृत सर्व्हर सांगणाऱ्या) आणि एसओए रेकॉर्ड्सना मात्र स्क्रिप्ट हात लावत नाही, कोडमध्येच तशी बंदी आहे. रूट ५३ एनएसला टीटीएल देतं १,७२,८०० सेकंद, पूर्ण दोन दिवस. तिथे चूक झाली तर ती आपण दुरुस्त केल्यावरही दोन दिवस कुणाच्या ना कुणाच्या कॅशेमध्ये राहणार. ते काम आम्ही दोघं शेजारी बसून, एकाने वाचून दाखवत आणि दुसऱ्याने टाइप करत, आजही हातानेच करतो.