अँट घ्यावी की सिरीज ७?

जेवणाच्या टेबलासाठी या दोन खुर्च्यांपैकी कोणती, असं मैत्रिणीने विचारलंय. दोन्ही डॅनिश वास्तुकार आर्ने याकोबसेनच्या. पाठ आणि बैठक प्लायवूडच्या एकाच वाकवलेल्या तुकड्याची, आणि दोन्ही एकावर एक रचता येतात.

अँट १९५२ची, नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी केलेली. मूळ खुर्चीला तीनच पाय. त्यामुळे उंचसखल फरशीवरही ती डुगडुगत नाही, गोल टेबलाखाली पायांची अडचणही कमी. मात्र पडलेला चमचा उचलायला बाजूला वाकलात की तोल जाऊ शकतो. चार पायांची अँट याकोबसेन यांच्या निधनानंतर आली.

१९५५ची सिरीज ७ जास्त रुंद. पाठीला ऐसपैस टेकता येतं, हातांची खुर्चीही मिळते. आरामात हीच सरस.

किमतीत दोन्ही महागच. जुनी घेताना पाठ आणि बैठक यांच्यामधला कमरेसारखा निमुळता भाग मागून नीट बघा. वाकण्याचा ताण तिथेच येतो, बारीक चीर दिसली तर सोडून द्या.

जागा लहान आणि बसणं थोडा वेळ, तर अँट. घरात वयस्कर माणसं असतील किंवा जेवणानंतर गप्पा रंगत असतील, तर बिनधास्त सिरीज ७.