झोपेसाठी आवाज करणारे यंत्र: भुसावळच्या यार्डालगत दोन महिने वापरल्यानंतर

भुसावळमधील आमचे घर रेल्वे यार्डाला इतके लागून आहे, की रात्री शंटिंग सुरू झाले म्हणजे डबे एकमेकांवर आदळल्याचा हादरा खिडकीच्या तावदानांपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात याचा त्रास होत नाही, कारण कूलर रात्रभर घरघरत असतो आणि इंजिनाचा भोंगासुद्धा त्यात विरून जातो. थंडीत कूलर झाकून ठेवला, की आईची झोप मोडू लागते. म्हणून डिसेंबरात हे छोटे यंत्र दीड हजारांच्या आत ऑनलाइन मागवले.

माणसाला जागे करतो तो केवळ मोठा आवाज नव्हे. शांततेतून तो अचानक उसळतो, हे अधिक महत्त्वाचे असते. खोलीत आधीपासून एकसारखा मंद आवाज असेल, तर हा चढउतार कमी जाणवतो. १९६२ साली अमेरिकेत आलेले ‘स्लीप-मेट’ हे यंत्र म्हणजे डब्यात बसवलेला खराखुरा लहान पंखाच होता. आमच्या यंत्रात मात्र ध्वनिमुद्रित आवाज आहेत, आणि त्याची उणीवही तिथेच आहे. पावसाचा आवाज ऐकायला सुरेख, परंतु साधारण दर अर्ध्या मिनिटाने मुद्रण संपून पुन्हा सुरू होताना बारीकशी ‘टक’ ऐकू येते, आणि एकदा ती लक्षात आली, की कान तिचीच वाट पाहत राहतात. ओढ्याच्या आवाजात पाखरेही आहेत. पहिल्याच रात्री आई दचकून उठली आणि म्हणाली, “अरे, उजाडलं की काय?” पंख्याचा आवाज मात्र सलग आहे, त्याला सांधा नाही, आता आम्ही तेवढाच लावतो.

टायमरची रचना मला मुळीच पटली नाही. तासाभराने आवाज हळूहळू न उतरता एकदम बंद होतो आणि त्या शांततेनेच जाग येते. यंत्रात बॅटरी नसल्यामुळे वीज गेली तरी तेच होते. इन्व्हर्टर नसलेल्या घरांनी याचा विचार जरूर करावा. निळा दिवा डोळ्यांवर येतो, त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

आवाज शेवटच्या टप्प्यापर्यंत वाढवता येतो, पण वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार शयनगृहातील सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, म्हणजे कुजबुजीइतकाच. तान्ह्या बाळाच्या पाळण्यात तर असे यंत्र कधीच ठेवू नये. उशीजवळ ठेवण्याऐवजी आम्ही ते यार्डाकडच्या खिडकीत ठेवले, तेव्हा कमी आवाजातही काम भागू लागले. परवा पहाटे मालगाडीने बराच वेळ भोंगा दिला, मी जागा झालो. आई कुशीवर वळून झोपलेलीच होती.