हजेरीयंत्र आणि पगारपत्रकाची सेवा: एकवीस माणसांच्या कापड दुकानातला अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेत आमचे साड्यांचे आणि लग्नाच्या बस्त्याचे दुकान आहे. 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर चार नवी माणसे घेतली आणि हजेरीपटावरची संख्या सतरावरून एकवीसवर गेली. वीस माणसांचा आकडा गाठला की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. दहा माणसांपासून लागू होणारी राज्य कामगार विमा योजना आमच्याकडे आधीपासून होती आणि तिचा भरणा मी स्वतःच संगणकावर बसून करत असे, परंतु दोन्ही भरणे दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत करणे, शिवाय व्यवसाय कर, शिवाय जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी, हे सारे गल्ल्यावर बसून जमेना. म्हणून हजेरीयंत्रासह पगारपत्रक करून देणारी एक सेवा घेतली. तिला आता वर्ष उलटून गेले आहे. तक्रारी बऱ्याच असल्यामुळे सेवेचे नाव येथे देत नाही. पण अशा सेवा साधारण एकाच साच्याच्या असतात, त्यामुळे हा अनुभव दुसऱ्या दुकानदाराच्या उपयोगी पडावा.

खर्च आधी सांगतो. यंत्राचे एकरकमी साडेसात हजार रुपये आणि माणशी दरमहा 90 रुपये, म्हणजे एकवीस जणांचे 1,890 रुपये, वर वस्तू व सेवा कर. भरण्याच्या बाबतीत हे पैसे वसूल झाले, यात शंका नाही. वर्षभरात एकही तारीख चुकली नाही, विलंबाचे व्याज किंवा दंड लागला नाही, आणि नव्या माणसांचे यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचे क्रमांक, आठवड्याच्या आत हातात आले.

सेवेचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र जाहिरातीत कुठेच नव्हता, आणि तो म्हणजे पगाराची चिठ्ठी. आमच्याकडे पूर्वी पगार पाकिटातून दिला जाई आणि पाकिटावर एकच आकडा असे. उचल किती, खाडे किती, वळती किती झाली, हे माझ्या वहीत. आता प्रत्येकाला मराठीत छापलेली चिठ्ठी मिळते. पहिल्याच महिन्यात तिच्यावरून कुरबूर झाली, कारण 14,000 रुपये पगार असलेल्या माणसाला भविष्य निर्वाह निधीचे 1,680 आणि विम्याचे 105 रुपये कापलेले दिसले. तितकेच 1,680 मालकाकडूनही त्याच्या नावे जातात, विम्यापोटी मालक आणखी 455 रुपये भरतो, हे चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत होते. ते मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगितल्यावर बोलणी थांबली. विम्याचा अर्थ तर एका विक्रेत्याचा पाय मोडला तेव्हाच सर्वांना कळला. उपचार झालेच, शिवाय घरी बसलेल्या दिवसांचा पगाराच्या 70 टक्के दराने आजारपणाचा लाभ त्याच्या खात्यात आला, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे सेवेच्या माणसाने विनातक्रार करून दिली.

याच चिठ्ठीने माझी चूकही उघडी पाडली. उचलीची जुनी वही मी सेवेकडे उतरवून दिली होती. पुढच्या महिन्यात बावीस वर्षे आमच्या गादीवर काम करणारे एक काका चिठ्ठी घेऊन गल्ल्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मालक, गौरीच्या सणाची उचल दोनदा धरलीय बघा.” वही काढून पाहिली, तर तीन हजार रुपये एकदा गौरीच्या दिवशी आणि पुन्हा महिनाअखेरीला, अशी दोन ठिकाणी नोंद होती. दोन्ही अक्षरे माझीच. वहीच्या काळात हे काकांना दिसलेच नसते, आणि मी तर खात्रीने सांगितले असते की माझा हिशेब चुकत नाही.

आता हजेरीयंत्राकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे. आमच्याकडे नेमणुकीची वेळ सकाळी साडेदहा ते सायंकाळी साडेसात, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. पण कापडाच्या धंद्यात लग्नसराई असते, आणि बस्ता बांधायला बसलेल्या दोन्हीकडच्या मंडळींना घड्याळ दाखवता येत नाही. डिसेंबर 2025 मध्ये अक्कलकोटकडच्या एका कुटुंबाचा बस्ता रात्री सव्वानऊपर्यंत चालला. आहेराच्या साड्या, नवरीचा शालू, करवल्यांचे, मानपानाची लुगडी, सगळे एकाच विक्रेतीने दाखवले आणि घड्या घालून जागेवर ठेवले. दुसऱ्या दिवशी ती दहा पन्नासला आली. यंत्राने पंधरा मिनिटांच्या सवलतीनंतर आल्याबद्दल तिचा अर्धा दिवस कापला. पगार 13,000, सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे 500 आणि अर्ध्या दिवसाचे 250. आदल्या रात्रीचे पावणेदोन तास मात्र कुठेच दिसेनात, कारण नेमणुकीची वेळ संपल्यानंतरचा अंगठा हे यंत्र केवळ “बाहेर” एवढाच नोंदवत होते.

कायद्याने पाहिले तर दोन्ही बाजूंनी चूक होती. गैरहजेरीसाठी कापायची रक्कम गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, हे तत्त्व 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. त्यामुळे वीस मिनिटांचे कापायचेच तर सुमारे 21 रुपये कापता आले असते. जादा वेळेला दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणजे पावणेदोन तासांचे जवळजवळ 219 रुपये तिला देणे होते. सेवेच्या माणसाला हे सांगितले तेव्हा त्याने “सर्व ग्राहकांकडे हाच नियम लावलेला आहे” असे उत्तर दिले. नियम कोणी ठरवला, असे विचारल्यावर कळले की यंत्र बसवताना माझ्याच सहीने तो निवडला गेला होता. बसवणाऱ्याने छापील कागद पुढे केला होता आणि मी गिऱ्हाईकाशी बोलत बोलत सही केली होती. हा दोष निम्मा माझा मानतो. तरीही ज्या नियमाने उशिराचे मिनिट मोजले जाते आणि जादा तास मोजला जात नाही, तो सेवा देणाऱ्याने मुळात निवडीला ठेवूच नये.

बाकीच्या उणिवा थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, तरी आमच्या सात जणींचे दरमहा 200 प्रमाणे तीन महिने कापले गेले. दाखवून दिल्यावर 4,200 रुपये परत मिळाले, पण दाखवून द्यावे लागले. फॉल-पिको करणाऱ्या आमच्या कारागिराच्या अंगठ्याच्या रेषा इस्त्री आणि कात्रीने झिजल्या आहेत, यंत्र त्यांना ओळखतच नाही, म्हणून त्यांची हजेरी मी हाताने लावतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर सोडून चार सुट्ट्या मालक-कामगारांनी ठरवायच्या असतात; सेवेच्या दिनदर्शिकेत त्या आधीच भरलेल्या होत्या आणि त्यांत आमच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दिवस नव्हता. सोलापुरात त्या दिवशी दुकानात माणूस शोधून मिळणार नाही. शिवाय चिठ्ठी फक्त मराठीत किंवा इंग्रजीत निघते आणि आमच्या दोन कारागिरांना वाचायला तेलुगूच सोयीची आहे.

दिवाळीच्या बोनसचा हिशेबही तपासून घ्यावा लागला. किमान 8.33 टक्क्यांची आकारणी 7,000 रुपयांवर किंवा त्या कामाच्या किमान वेतनावर, यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. सेवेने सरसकट 7,000 धरले. आमच्याकडे पूर्ण एक पगार देण्याची पद्धत असल्याने कोणाचे नुकसान झाले नाही, पण ज्या दुकानात यंत्राचा आकडाच अखेरचा मानला जातो तेथे ते नक्की होईल.

एवढे होऊनही सेवा सोडलेली नाही, कारण भरण्याचे काम आणि ती चिठ्ठी आता सुटण्यासारखी नाही. करार मात्र वर्षाऐवजी सहा महिन्यांचाच केला आहे, आणि त्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घेतल्या: अर्ध्या दिवसाचा नियम बंद, साडेसातनंतरचा वेळ वेगळ्या रकान्यात, आणि सेवा सोडल्यास सर्व नोंदी आमच्या हवाली. अर्ध्या दिवसाची ती कपात आणि जादा वेळेचे 219 रुपये जानेवारीच्या चिठ्ठीत जमा दाखवले आहेत. कोणी ही सेवा घेणार असेल, तर बसवणाऱ्याला लग्नसराईतल्या एका दिवसाची हजेरी समोर चालवून दाखवायला सांगावे, आणि त्या वेळी गल्ल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बसवावे.